विक्रीच्या बोकडांस वालाचा खुराक

भातकापणीनंतर जमिनींतील ओलाव्यावर वाल पेरण्याची आमच्या महाड व पोलादपूर तालुक्यांतील चाल जुनी आहे. मळणी झाल्यावर निवडक दाणा घरखर्चास व बाजारास जातो. फुटका, बारीक व किडका दाणा मागें उरतो. हा दाणा विक्रीसाठीं राखलेल्या बोकडांच्या खुराकांत कसा लावावा, याचा विचार येथें करूं.

कॅनडा, फ्रान्स इत्यादि देशांत डुकरें विक्रीपूर्वीं पुष्ट करण्यासाठीं त्यांस वाटाणा घालतात. वाटाण्यांत शेंकडा २० ते २४ भाग प्रथिनें असतात. मका, जव इत्यादि तृणधान्यांत लायसिन नांवाचा प्रथिनांश कमी, तो वाटाण्यांत भरपूर; उलट मेथिओनिन वाटाण्यांत कमी. दोन्ही मिसळलीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. आपल्या वरणभाताचें मर्महि हेंच होय.

आमच्याकडे डुकरें पाळणारे शेतकरी थोडे; बोकड मात्र पुष्कळांच्या गोठ्यांत असतात. तेव्हां येथें वाटाण्याच्या जागीं वाल व मक्याच्या जागीं भाताची कणी आणि कोंडा घ्यावयाचा. परंतु परदेशांत वाटाणा कच्चाच भरडून घालतात, म्हणून वालहि तसाच चालेल असें समजूं नये. कच्च्या वालांत प्रथिनें पचूं न देणारीं द्रव्यें असतात. भिजवून तें पाणी टाकल्यानें व दाणा शिजविल्यानें हा दोष पुष्कळ कमी होतो. घरांतील स्त्रिया बिरडें करतांना वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच शिजवितात, त्यांत मोठें शहाणपण आहे.

या बाबतींत आम्हीं स्वतः ठेंच खाल्ली आहे. एके वर्षीं खळ्यावर सांडलेला दाणा फुकट जाऊं नये म्हणून आम्हीं दोन बोकड तेथें मोकळे सोडले. त्यांनीं पोटभर वाल खाल्ला. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चारा सोडला, पोटें फुगलीं, हगवण लागली. तिसऱ्या दिवशीं त्यांतील एक दगावला. चार पायली दाण्याच्या लोभानें वर्षभर वाढविलेलें जनावर गेलें. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटांत चारा पचविणारे सूक्ष्म जीव असतात. एकाएकीं पुष्कळ दाणा पडला कीं तेथें आम्ल वाढून सर्व पचन बिघडतें.

यास्तव माप ठरवावें. सुमारें २० किलो वजनाच्या बोकडास रोजचा पुरा खुराक २५० ग्रॅम पुरे. त्यांत वाल ७५ ग्रॅम, कोंडा ७५ ग्रॅम, कणी ९० ग्रॅम, आणि खनिज मिश्रण, चुनखडीची भुकटी व मीठ मिळून १० ग्रॅम असावें. वालाचें माप कोरड्या दाण्याचें समजावें. वाल रात्रीं भिजत घालून सकाळीं पाणी ओतून टाकावें व उघड्या भांड्यांत शिजवून, निववून इतर जिन्नसांत कालवावा. शिळें, आंबलेलें घालूं नये. आरंभ ५० ग्रॅम खुराकानें करून दर तीन-चार दिवसांनीं ५० ग्रॅम वाढवावे. आधीं चारापाला, मग खुराक, आणि स्वच्छ पाणी नेहमीं समोर, हा क्रम सोडूं नये. कोंड्यांत स्फुरद फार व चुना थोडा असल्यानें नरांस मूतखड्याचें भय असतें, चुनखडी त्यासाठींच. आंत्रविषाराची लस पशुवैद्याकडून आधींच टोंचून घ्यावी.

बुरसटलेला दाणा कोणत्याहि जनावरास घालूं नये. जुलै २०२१ च्या महापुरांत महाडमधील घरें-दुकानें बुडालीं, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा वेळीं भिजून बुरशी आलेलें धान्य “जनावरांस तरी होईल” म्हणून ठेवण्याचा मोह होतो. कांहीं बुरश्यांचें विष शिजविल्यानेंहि जात नाहीं. तें धान्य पुरून टाकावें.

शेवटीं हिशेब. चांगला वाल बाजारांतच विकावा. खुराकास उरलासुरलाच लावावा. दर आठवड्यास सकाळीं चरावयास सोडण्यापूर्वीं बोकडाचें वजन करावें, आणि वाढलेल्या वजनाची किंमत व खुराकाचा खर्च वहींत समोरासमोर मांडावा. खर्च वरचढ होऊं लागला कीं बोकड विकण्याची वेळ झाली असें समजावें.