टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानातील पर्वतीय कुट्या : जागृत ज्वालामुखींच्या सान्निध्यातील निवाऱ्याचा विचार

प्रस्तावना

पर्वतात पायी भटकणाऱ्यांसाठी निवाऱ्याचा अर्थ सामान्यतः सरळ असतो. पाऊस, वारा, थंडी आणि हिम यांपासून रक्षण करणारे छप्पर म्हणजे निवारा. जागृत ज्वालामुखींच्या प्रदेशात मात्र ही व्याख्या अपुरी पडते. तेथे संकट आकाशातून येते तसेच ते पायाखालच्या भूमीतूनही उद्भवते; आणि ज्या छपराखाली पदभ्रमणकर्ता निर्धास्तपणे झोपतो, तेच छप्पर एखाद्या रात्री धोक्याच्या कक्षेत सापडू शकते. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील टोंगारिरो राष्ट्रीय उद्यान हे या समस्येचे बोलके उदाहरण आहे. या उद्यानातील कुट्यांची रचना, त्यांचे व्यवस्थापन आणि ज्वालामुखीय घटनांतून निवाऱ्याच्या कल्पनेत झालेला बदल यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्यानाची पार्श्वभूमी

या उद्यानात टोंगारिरो (१,९६७ मीटर), न्गाउरुहोए (२,२८७ मीटर) आणि रुआपेहू (२,७९७ मीटर) ही तीन ज्वालामुखी शिखरे आहेत. येथील खडक प्रामुख्याने अँडेसाइट प्रकारचा असून तो सह्याद्रीतील बसाल्टहून भिन्न आहे. बसाल्टचा लाव्हा पातळ असल्याने दूरवर पसरतो. अँडेसाइटचा लाव्हा तुलनेने घट्ट असल्याने त्यात वायू कोंडतात आणि स्फोटक उद्रेकाची शक्यता वाढते. कुट्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न समजून घेताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

ही शिखरे न्गाटी तुफारेटोआ या माओरी जमातीला पवित्र आहेत. जमिनीचे तुकडे होऊन ती विकली जातील, या चिंतेतून जमातप्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे (होरोनुकू) यांनी २३ सप्टेंबर १८८७ रोजी शिखरांभोवतीची सुमारे २,६०० हेक्टर भूमी ब्रिटिश राजसत्तेच्या स्वाधीन केली. त्यातून १८९४ च्या कायद्याने न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. पुढे त्याचा विस्तार होऊन क्षेत्र सुमारे ७९,६०० हेक्टर झाले. युनेस्कोने १९९० मध्ये नैसर्गिक मूल्यांसाठी आणि १९९३ मध्ये सांस्कृतिक भूदृश्य म्हणूनही त्याचा जागतिक वारशात समावेश केला. त्यामुळे येथे एखादी वास्तू उभारण्याचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. एका समाजाच्या श्रद्धेशीही तो निगडित असतो.

कुट्यांचे स्वरूप व व्यवस्था

उद्यानातील सर्वांत जुनी कुटी वाइहोहोनू येथे १९०४ मध्ये उभी राहिली. घोडागाडीने प्रवास करणाऱ्या पर्यटकांसाठी ती शासनाच्या पर्यटन खात्याने बांधली. तिच्या भिंती पन्हळी पत्र्याच्या दुहेरी थरांच्या असून मधल्या पोकळीत प्युमिस हा सच्छिद्र, हलका ज्वालामुखीय दगड भरलेला आहे. थंडी रोखण्यासाठी ज्वालामुखीनेच दिलेले साहित्य वापरण्याची ही युक्ती लक्षणीय आहे. आत दोन खोल्या असून त्यांपैकी एक स्त्रियांसाठी राखीव होती. आज ही कुटी मुक्कामासाठी वापरली जात नाही; ती वारसावास्तू म्हणून जतन केली आहे. तिच्यापासून जवळच २०१० मध्ये २८ जणांच्या सोयीची नवी कुटी सुरू झाली.

१९८७ मध्ये स्थापन झालेला न्यूझीलंडचा संवर्धन विभाग येथील व्यवस्था पाहतो. न्गाउरुहोएला वळसा घालणारा ‘टोंगारिरो नॉर्दर्न सर्किट’ हा सुमारे ४५ किलोमीटरचा मार्ग तीन ते चार दिवसांत पूर्ण केला जातो. त्यावर मांगातेपोपो, ओतुरेरे आणि वाइहोहोनू या तीन कुट्या आहेत. कुटीत फळ्यांचे सामाईक बिछाने, गाद्या, शेगडी, छपरावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह एवढ्याच सोयी असतात. अंथरूण-पांघरूण व अन्न ज्याचे त्याने आणावयाचे असते. ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलअखेरपर्यंतच्या हंगामात जागेची आगाऊ नोंदणी अनिवार्य असते आणि मार्गापासून ५०० मीटरच्या आत मनमानी तंबू ठोकण्यास मनाई असते. या हंगामात कुटीवर रक्षक असतात. हवामान, मार्गाची स्थिती आणि ज्वालामुखीची अवस्था यांची माहिती ते मुक्कामाला आलेल्यांना देतात.

पाण्याच्या टाकीसारखी साधी बाबही येथे वेगळी ठरते. उद्रेकाची राख छपरावर पडल्यास ती पन्हळीतून थेट टाकीत उतरते आणि पाणी पिण्यास अयोग्य होऊ शकते. अशा वेळी टाकीला जोडलेली नळी तत्काळ सोडवणे आवश्यक ठरते.

निवारा असुरक्षित ठरतो तेव्हा

२५ सप्टेंबर २००७ च्या रात्री रुआपेहूच्या विवर-सरोवरातून अचानक स्फोट झाला. सरोवरानजीकच्या ‘डोम शेल्टर’ या छोट्या निवाऱ्यात त्या वेळी दोन गिर्यारोहक मुक्कामाला होते. स्फोटातून आलेले दगड व चिखल आत शिरले. त्यांपैकी एकाचा पाय दगडाखाली चिरडला गेला आणि पुढे तो कापावा लागला. वादळापासून वाचवणारी ही जागा विवराच्या अगदी समीप होती. त्यामुळे तिचा आश्रय हाच धोक्याचा भाग बनला.

दुसरी घटना टोंगारिरोवरील ते मारी विवराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर शांत असलेल्या या भागात जुलै २०१२ मध्ये भूकंपांची संख्या वाढली आणि ज्वालामुखीविषयक सूचनेचा स्तर शून्यावरून एक करण्यात आला. ६ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास उद्रेक झाला. विवरापासून सुमारे दीड किलोमीटरवरील केतेताही कुटीवर शिळांचा मारा झाला. काही शिळा छत फोडून बिछान्यांपर्यंत व जमिनीपर्यंत पोहोचल्या. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ऋतू हिवाळ्याचा आणि वेळ रात्रीची होती. उन्हाळ्याच्या भर हंगामात हा प्रसंग ओढवला असता तर परिणाम निराळा झाला असता. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी भर दुपारी ते मारीचा पुन्हा उद्रेक झाला. त्या वेळी शालेय विद्यार्थ्यांसह अनेक जण मार्गावर होते, परंतु कोणालाही इजा झाली नाही. केतेताही कुटी त्यानंतर रात्रीच्या मुक्कामासाठी पुन्हा उघडली गेली नाही.

या दोन घटनांतून एक तथ्य स्पष्ट होते. पदभ्रमणाच्या कुटीचे हलके छत वेगाने कोसळणाऱ्या शिळा थोपवू शकत नाही. तेव्हा भिंती अधिक जाड करण्यापेक्षा कुटीचे स्थान आणि तेथे माणसे कधी असावीत याचा निर्णय अधिक मोलाचा ठरतो.

छपरापलीकडचा निवारा

लाहार, म्हणजे राख, दगड व पाणी यांचा नदीपात्रातून लोटणारा प्रवाह, हा या प्रदेशातील दुसरा मोठा धोका होय. २४ डिसेंबर १९५३ रोजी रुआपेहूच्या विवर-सरोवराचा नैसर्गिक बांध फुटून आलेल्या लाहारने तांगिवाई येथील रेल्वेपुलाला जबर हानी पोहोचवली. त्यावरून जाणारी गाडी नदीत कोसळून १५१ जण मृत्युमुखी पडले. विवरात तसाच बांध पुन्हा तयार झाल्यावर तेथे स्वयंचलित इशारा-यंत्रणा बसवण्यात आली. १८ मार्च २००७ रोजी तो बांध फुटला. इशारा वेळेत मिळाल्याने रस्ता व रेल्वेवाहतूक थांबवता आली आणि एकही बळी गेला नाही.

रुआपेहूच्या स्की-क्षेत्रातही अशी यंत्रणा आहे. इशारा होताच दरीचा तळ सोडून जवळच्या उंच धारेवर जावे, अशी सूचना तेथे दिली जाते. लाहारच्या प्रसंगी खरा निवारा ही उंच भूमीच असते, हे या सूचनेतून सूचित होते. ज्वालामुखीच्या अवस्थेचे शून्य ते पाच असे स्तर ठरवलेले असून त्यानुसार मार्ग खुले वा बंद ठेवण्याचा विचार होतो. तथापि या स्तरांनाही मर्यादा आहेत. २०१२ मध्ये पूर्वलक्षणे काही आठवडे आधी दिसली, तरी उद्रेकाची घटका सांगता आली नाही; २००७ च्या सप्टेंबरमध्ये तर उपयोगी पडेल अशी पूर्वसूचनाच मिळाली नव्हती. म्हणून उर्वरित धोका जाणून घेऊनच पुढे जावयाचे, ही जबाबदारी अखेर पदभ्रमणकर्त्यावर येते. ती त्याला पेलता यावी यासाठी त्याला पुरेशी माहिती पुरवणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

टोंगारिरोच्या अनुभवावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ज्वालामुखीय प्रदेशात निवाऱ्याचे मूल्य त्याच्या मजबुतीइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या स्थानावर अवलंबून असते. दुसरी, शास्त्रीय निरीक्षण, कुटीवरील रक्षक आणि इशारा-यंत्रणा हेदेखील निवाऱ्याचेच घटक होत. तिसरी, नुकसान झालेली प्रत्येक कुटी पुन्हा उभारलीच पाहिजे असे नाही; एखाद्या ठिकाणी रात्र न काढण्याचा निर्णय हाही नियोजनाचा परिपक्व भाग असू शकतो. १९०४ च्या कुटीत प्युमिस भरणाऱ्यांनी थंडीवर उपाय शोधला होता. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना त्या पर्वताच्या स्वभावाशी जुळवून घेण्याचा उपाय शोधावा लागला, आणि त्यात माघार घेण्याची तयारीही अंतर्भूत आहे. ज्या जमातीने ही शिखरे पवित्र मानून राखली, तिच्या दृष्टीने माणूस येथे पाहुणाच आहे. विज्ञानाच्या मार्गाने आलेला निष्कर्षही याहून फारसा दूर नाही.