इमान्युएल दास्तिए : भूमिगत पत्रापासून संसदेपर्यंत

जन्म : ६ जानेवारी १९००, पॅरिस. मृत्यू : १२ जून १९६९, पॅरिस.

पूर्ण नाव इमान्युएल दास्तिए द ला व्हिजेरी. सरदार घराणे. आधी नौदलात अधिकारी, मग पत्रकार. भूमिगत नाव ‘बर्नार’.

चळवळ : १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर ल्युसी ओब्राक, तत्त्वज्ञ जाँ काव्हाय्येस यांच्यासह क्लेरमाँ-फेराँ येथे छोटा गट. त्यातूनच ‘लिबेरास्याँ-स्यूद’ ही दक्षिण फ्रान्समधील मोठी प्रतिकार संघटना. उत्तरेतली ‘लिबेरास्याँ-नॉर’ वेगळी.

पत्र : संघटनेच्या ‘लिबेरास्याँ’ या वृत्तपत्राचा पहिला गुप्त अंक जुलै १९४१. फ्रान्सच्या मुक्तीनंतर ते उघडपणे निघणारे दैनिक झाले, १९६४ मध्ये बंद पडले. आजचे त्याच नावाचे दैनिक १९७३ चे. तत्त्वज्ञ सार्त्र त्याच्या संस्थापकांपैकी एक.

गीत : १९४३ मध्ये लंडनमध्ये गायिका आना मार्लीच्या चालीवर त्यांनी एका लढवय्याचे शोकगीत लिहिले. लेनर्ड कोहेन यांनी १९६९ मध्ये ते इंग्रजीत गाऊन जगभर पोचवले. मूळ कवीचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, याची खंत वाटते.

सत्ता : नोव्हेंबर १९४३ पासून स्वतंत्र फ्रान्सचे नेते जनरल द गॉल यांच्या अल्जिअर्समधील समितीत गृहखाते. जानेवारी १९४४ मध्ये मराकेशला चर्चिल यांची भेट. मागणी एकच, प्रतिकारकांसाठी शस्त्रे. १९४५ ते १९५८ संसद सदस्य, कम्युनिस्टांचे सहप्रवासी. लेनिन शांतता पुरस्काराचे मानकरी.

भाऊ : फ्रान्स्वा आणि आंरी. तिघांनाही ‘मुक्तीचे सहकारी’ हा द गॉल यांनी सुरू केलेला दुर्मीळ सन्मान.