कैचीला टांगलेले माईक

वळ गावात भजन रेकॉर्ड करायला गेलो, तेव्हा सगळ्यात आधी शिडी शोधावी लागली. देवळापुढचा सभामंडप पत्र्याचा, वर लोखंडी कैच्या. प्रत्येकापुढे माईक ठेवला असता तर बुवा, पेटी, पखवाज सुटे सुटे छान आले असते. पण सगळ्या टाळकऱ्यांनी एकदम उचललेला गजर तसा सापडत नाही. तो वरूनच धरावा लागतो. नाटकवाल्यांना विचारा, रंगमंचावर लोंबणारे माईक त्यांच्या सवयीचे आहेत.

दोन लहान कंडेन्सर माईक एका पट्टीवर बसवले. मध्ये 17 सेंटिमीटर अंतर, 110 अंशांचा कोन. ही मांडणी फ्रेंच रेडिओची. खालीच 48 व्होल्ट सुरू करून चुटकी वाजवून पाहिली. वर गेल्यावर केबल खराब निघाली की पुन्हा शिडी!

पट्टी नुसती टांगली तर केबलचा पीळ सुटेल तशी ती फिरते. मग ऐकताना पखवाज डावीकडून उजवीकडे चालत गेल्यासारखा वाटतो. माझं एकदा तसं झालंय. म्हणून दोन्ही टोकांना तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, बांधून बाजूच्या खांबांना ताणला. खाडीपट्ट्यातल्या गावात तंगूस मागायला लाजायचं कशाला? एका काकांनी रीळच आणून दिलं. वजन मात्र दोरीवर, आणि दोरी सुटलीच तर म्हणून कैचीला वेगळी साखळी. खाली माणसं बसतात.

पहिल्यांदा दहा फुटांवर टांगले. टाळ सुईसारखा टोचायला लागला, कारण बरोबर खालचा टाळकरी माईकला फारच जवळ होता. तीन फूट वर घेतल्यावर जवळचे-लांबचे बरेचसे सारख्या अंतरावर आले. आणखी वर नेलं असतं तर पत्र्याचा घुमारा घुसला असता.

पंखे बंद करायला सांगितले, तर एक आजी म्हणाल्या, "पोरा, पंखा नाय तर बुवा गातील कसं?" तडजोड झाली. फक्त माईकजवळचे दोन बंद.

राहिले बाहेरच्या रस्त्यावरून गोदामांकडे जाणारे कंटेनर. 80 हर्ट्झखालचं सगळं कापलं की त्यांची घरघर बरीच जाते, पण पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा खर्जही जातो. मी 40 वर थांबलो. दीड तासात कंटेनर तीनदा ऐकू येतो. मंडळाने पेन ड्राइव्ह मागितला, तेव्हा तसाच भरून दिला.