टपाल तिकिटांचा ऑनलाइन बाजार

भारतातील टपाल तिकिटांच्या खरेदी-विक्रीचा मोठा भाग आता मोबाइलच्या पडद्यावर उरकतो. एका टोकाला ईबे आणि डेलकॅम्पसारखी परदेशी संकेतस्थळे आणि लिलावगृहांच्या ऑनलाइन बोली, तर दुसऱ्या टोकाला फेसबुक-व्हॉट्सॲपवरचे संग्राहकांचे गट. डेलकॅम्प हे २००० साली बेल्जियममध्ये सुरू झालेले, संग्राह्य वस्तूंनाच वाहिलेले संकेतस्थळ. ईबेवर मात्र तिकिटे म्हणजे असंख्य विभागांतला एक विभाग. ईबेची भारतीय आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. देशातले किरकोळ व्यवहार बरेचसे गटांमध्ये चालतात. तिथे लॉटचे फोटो पडतात, ठरल्या वेळेपर्यंत बोली लागते, पैसे यूपीआयने जातात आणि माल टपालाने येतो. वाद झालाच तर निवाडा गटाचा ॲडमिन करतो, आणि त्यावर अपील नसते.

या बाजाराने सर्वांत मोठे काम केले ते दुर्मीळतेचा भ्रम फोडण्याचे. पूर्वी एखादे तिकीट शहरातल्या दोन-तीन दुकानांत मिळाले नाही, की ते दुर्मीळ ठरे. आता तेच तिकीट शोधले की पन्नास विक्रेते समोर येतात. स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीट-विक्रेत्या कंपनीच्या कॅटलॉगमधली किंमत हा आणखी एक गैरसमज. ती त्या कंपनीची उत्तम प्रतीच्या तिकिटासाठीची विक्रीकिंमत असते. घरबसल्या विकणाऱ्याच्या हाती त्याचा काही अंशच येतो. खरा भाव पाहायचा तर मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत पाहावी, आणि ईबेवर ती शोधता येते.

म्हणूनच वारशाने आलेले अल्बम विकायला काढणाऱ्यांची बहुधा निराशा होते. १९६० नंतरची बहुतेक भारतीय स्मारक तिकिटे लाखांच्या संख्येने छापली गेली आणि लोकांनी ती जपूनही ठेवली. फर्स्ट डे कव्हरांचीही तीच कथा. शाळकरी अल्बमांत हमखास आढळणारी हंगेरी, पोलंड, मंगोलियाची रंगीबेरंगी तिकिटे तर अनेकदा टपालाला कधी लागलेलीच नसतात. संग्राहकांच्या पुड्यांसाठी ती छापखान्यातूनच शिक्का मारून निघत. तिकीट उलटसुलट पाहिले की कोपऱ्यात शिक्का आणि मागे अख्खा डिंक, असा प्रकार दिसतो. अशा अल्बमाला किलोच्या भावाने गिऱ्हाईक मिळाले तरी तक्रार करू नये.

भाव येतो तो वेगळ्याच वस्तूंना. १ जुलै १८५२ रोजी सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी काढलेले अर्ध्या आण्याचे ‘सिंध डाक’ हे आशियातले पहिले चिकट टपाल तिकीट. त्याची लाल लाखेची आवृत्ती इतकी ठिसूळ होती की फार थोडे नमुने वाचले. १८५४ च्या चार आण्यांच्या दुरंगी तिकिटात काही नगांवर राणी व्हिक्टोरियाचे डोके उलटे छापले गेले. ती चूक आज जगातल्या नामवंत तिकिटांत मोडते. स्वतंत्र भारताच्या तिकिटांत मात्र पहिला मान गांधीजींच्या संचाचा. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली दीड, साडेतीन व बारा आणे आणि दहा रुपये अशी ही चार तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हाझिए छापखान्यात छापली गेली. त्यांवर हिंदी आणि उर्दूत ‘बापू’ असे लिहिलेले आहे. दहा रुपये ही त्या काळी मोठी रक्कम, त्यामुळे त्या किमतीचे कोरे तिकीट जपून ठेवणारे थोडे. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापलेले दहा रुपयांचे नग तर शंभरच होते. त्यांतल्या चार तिकिटांचा एकसंध ठोकळा २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकला गेला.

प्रसिद्धीबरोबर नकलाही आल्या. दहा रुपयांच्या गांधी तिकिटाइतकी बनावट दुसऱ्या भारतीय तिकिटाची क्वचितच झाली असेल. अस्सल तिकीट फोटोग्राव्ह्युअर पद्धतीचे आहे, त्यामुळे चेहऱ्यावरच्या छटा सलग उतरतात. ऑफसेटवरची नक्कल भिंगाखाली ठिपक्यांची आणि सपाट दिसते. फोटोत हा फरक कळेलच असे नाही. इतर लबाड्या जुन्याच आहेत: झिजलेल्या तिकिटाला नवा डिंक लावणे, दाते नसलेल्या कडेला दाते पाडणे, पेनाने रद्द केलेले तिकीट धुऊन कोरे म्हणून विकणे, साध्या तिकिटावर खोटा ‘सर्व्हिस’ छापणे. महाग तिकीट असेल, तर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीशी संलग्न तज्ज्ञ समितीसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते मागावेच.

विक्रेत्याची पत त्याच्या वर्णनावर ठरते. तिकीट काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून स्कॅन केले की दाते मोजता येतात. पाठची बाजू न दाखवणारा विक्रेता काहीतरी झाकतो आहे, असे समजायला हरकत नाही. हिंज (तिकीट अल्बमात चिकटवण्याची कागदी पट्टी) लावलेले, हिंजचा डाग उरलेले आणि डिंकाला हातही न लागलेले अशा तीन कोऱ्या तिकिटांच्या भावांत मोठे अंतर असते. कोकण-मुंबईच्या हवेत तिकिटांचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. दमट हवेने डिंक पाघळतो, तिकीट अल्बमाच्या पानाला चिकटते आणि दात्यांच्या टोकांवर तांबूस ठिपके येतात. व्यवहारात त्यांना ‘टोनिंग’ म्हणतात. स्कॅन किंचित उजळ केला की ते ठिपके नाहीसे होतात, म्हणून जाणकार खरेदीदार दिवसाच्या उजेडातला फोटो वेगळा मागून घेतो.

स्वस्त तिकिटातही पैसा असतो, पण तो शिक्क्यात आणि पाकिटात. निजामाच्या हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत होती आणि मराठवाडा त्याच राज्यात होता. त्यामुळे औरंगाबाद किंवा नांदेडचा स्पष्ट शिक्का असलेले अख्खे पाकीट सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी मोलाचे. गोव्यातही तसेच. पोर्तुगीज इंडियाची तिकिटे १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९६१ मध्ये संपली. सुरुवातीची छपाई स्थानिक, ओबडधोबड आणि प्रकारांनी भरलेली आहे. चलनही रेइस, टांगा, रुपयापासून १९५९ मध्ये एस्कुदोपर्यंत बदलत गेले. मराठी वाचकाला ओळखीचे महर्षी कर्व्यांचे १९५८ चे तिकीट, म्हणजे हयात भारतीयावर निघालेले पहिले, आजही किरकोळ पैशांत मिळते. मान आणि बाजारभाव यांचा मेळ असतोच असे नाही.

छंदाची अवस्था मात्र दुहेरी आहे. पत्रे कमी झाली, घरी येणाऱ्या पाकिटावर तिकिटाऐवजी छापील पट्टी आली, आणि पाण्यात भिजवून तिकीट सोडवण्याचा मुलांचा उद्योग संपला. टपाल खात्याने नव्या वाटा काढल्या: २००६ मध्ये चंदनाच्या वासाचे तिकीट, २०११ मध्ये खादीवर छापलेले गांधी तिकीट, त्याच वर्षी स्वतःचा फोटो छापून घेण्याची ‘माय स्टॅम्प’ योजना. अशी तिकिटे टपालासाठी थोडी आणि संग्राहकासाठी फार, हा आक्षेप खराच आहे. २०१७ पासून सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना ‘दीनदयाळ स्पर्श’ योजनेत वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. मुंबईच्या जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोत ठेव खाते उघडले की नवी तिकिटे दर्शनी किमतीत मिळतात; ती दुप्पट भावाने गटात घेण्याचे कारण नाही. गंभीर संग्राहक मात्र घटले तरी खोल गेले आहेत. एका जिल्ह्याचे टपालमार्ग किंवा एका कार्यालयाचे शिक्के यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारे लोक आज सर्वांत चांगले गिऱ्हाईक आहेत.

राहता राहिली पाठवणी. तिकीट ग्लासीनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या पाकिटात, ते दोन पुठ्ठ्यांमध्ये आणि चिकटपट्टी तिकिटाला लागणार नाही अशी. संग्राहकांच्या सवयीचे रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आयातकराचे नियम बदलल्यावर तिकडची बहुतेक टपालसेवा स्थगित झाली आणि ऑक्टोबरमध्ये पूर्ववत सुरू झाली. परदेशी गिऱ्हाइकाशी सौदा पक्का करताना कर कोण भरणार हे आधीच लिहून घेणे आता गरजेचे झाले आहे.