नळातील हातोडा

न्यूयॉर्क शहरातील हिवाळ्याची पहाट. बाहेर बर्फ साचले आहे आणि पारा शून्याखाली उतरला आहे. पाच-सहा मजली जुन्या इमारतीतील बिऱ्हाडे अद्याप झोपेत असताना भिंतीतून अकस्मात 'ठण् ठण्' असा आवाज येऊ लागतो. तळघरात कोणी लोहार घण घालीत असावा, असा नवख्या माणसाचा समज होतो. वस्तुतः तेथे कोणीही नसते. बॉयलर नुकताच पेटलेला असतो आणि वाफ नळांतून वर चढू लागलेली असते. खिडकीखालचा बिडाचा रेडिएटर मात्र अजून थंडच असतो.

अशा आवाजाला तेथील रहिवासी सरावलेले असतात. यंत्रणा जुनी झाली, तेव्हा ती कुरकुरणारच, असे ते मानतात. परंतु हा आवाज म्हातारपणाचे लक्षण नव्हे. तो विशिष्ट दोषाचा परिणाम आहे, आणि तो दोष शोधून काढता येतो. त्यासाठी वाफ उष्णता कशी वाहून नेते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

उकळत्या पाण्याच्या थेंबापेक्षा पातेल्याच्या झाकणाखालून निसटलेली वाफ हात अधिक पोळते, हा स्वयंपाकघरातील नित्याचा अनुभव आहे. एक ग्रॅम पाणी 0 अंशापासून 100 अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास 100 कॅलरी उष्णता लागते. पण त्याच 100 अंशांच्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे 540 कॅलरी खर्ची पडतात. ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तिचे स्वरूप स्पष्ट केले. रेडिएटरच्या थंड बिडाला स्पर्श होताच वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ही दडलेली उष्णता खोलीला मिळते.

जुन्या इमारतींत आढळणाऱ्या एकनळी पद्धतीत प्रत्येक रेडिएटरला एकच नळ असतो. वाफ त्यातून वर जाते व तिचे झालेले पाणी त्याच नळातून खाली उतरते. शिवाय बॉयलर पेटण्यापूर्वी सर्व नळांत हवा भरलेली असते. ती बाहेर पडल्यावाचून वाफेला आत शिरता येत नाही. म्हणजे वाफ, पाणी आणि हवा असे तीन वाटसरू एकाच वाटेवर असतात. त्यांतील एकाचीही वाट अडली की बिघाड उद्भवतो.

प्रथम पाण्याचा विचार करू या. तळघराच्या छताखालून जाणाऱ्या मुख्य नळाला पाणी वाहून जाईल असा हलका उतार दिलेला असतो. कालांतराने नळाला पेलणारी एखादी पट्टी तुटते, नळ मध्येच झुकतो आणि त्या खळग्यात पाणी साचून राहते. सकाळी वेगाने आलेली वाफ या पाण्यावर लाटा उठविते. लाट नळाच्या वरच्या बाजूस टेकली की वाफेचा काही भाग पाण्यात कोंडला जातो व क्षणार्धात थंड होऊन आकसतो. वाफेचे पाणी होताना तिचे आकारमान सुमारे 1,600 पटींनी घटते. ती रिकामी झालेली जागा भरण्यासाठी दोन्ही बाजूंचे पाणी धावून येते आणि एकमेकांवर आदळते. हाच तो हातोडा. शास्त्रीय परिभाषेत याला जलाघात म्हणतात. याचे निदान करण्यास महागडे उपकरण लागत नाही. गवंड्याची पाणसळ नळावर ठेवली की उतार बिघडला आहे की नाही ते कळते.

रेडिएटरचेही तसेच. त्याचे पाय जमिनीत रुतून तो झडपेच्या विरुद्ध बाजूस कलला, तर पाणी आतच राहते. अशा वेळी त्या बाजूच्या पायांखाली लाकडी पाचर बसविली की काम भागते. नळावरील झडप अर्धवट उघडी ठेवणे हीही मोठी चूक होय. वाफ तेवढ्या फटीतून आत शिरते, पण पाण्याला परतण्यास जागा उरत नाही. म्हणून एकनळी रेडिएटरची झडप पूर्ण उघडी असावी, नाहीतर पूर्ण बंद.

आता हवेचा विचार करू. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकास हवा सोडणारी लहान झडप असते. हवा जाईपर्यंत ती उघडी राहते आणि वाफेचा चटका बसताच मिटते. ती रंगाने किंवा गंजाने बुजली, तर रेडिएटर थंड राहतो. उघडीच अडकली, तर सतत फुसफुस ऐकू येते. अशीच मोठी झडप तळघरात मुख्य नळाच्या शेवटी असते. ती निकामी झाल्यास बॉयलरजवळची बिऱ्हाडे उकाड्याने खिडक्या उघडतात आणि दूरची बिऱ्हाडे पांघरुणे लपेटून बसतात. झडप बदलावयाची ती बॉयलर बंद करून व नळ निवाल्यावरच.

थंडीची तक्रार आली की बॉयलरचा दाब वाढविण्याचा मोह होतो. हा उपाय उलटा ठरतो. निवासी इमारतीस बहुधा दर चौरस इंचास 2 पौंडांहून कमी दाब पुरतो. दाब 10 पौंडांपर्यंत नेला, तरी वाफेचे तापमान सुमारे 104 अंशांवरून 115 अंशांपर्यंतच चढते. उलट, परतणाऱ्या पाण्याला बॉयलरमध्ये शिरण्यासाठी प्रत्येक पौंड दाबामागे सुमारे 28 इंच उंचीचा स्तंभ उभारावा लागतो. तेवढी उंची तळघरात नसेल, तर पाणी नळांतच तुंबते आणि आवाज वाढतो.

बॉयलरवरील काचनळीत पाण्याची पातळी दिसते. ती नळी रिकामी आढळली आणि बॉयलर तापलेला असला, तर प्रथम आग बंद करावी. पाणी मात्र मुळीच घालू नये. तप्त धातूवर थंड पाणी पडल्यास बीड तडकते, आणि एकाएकी झालेल्या वाफेने स्फोटही घडू शकतो. बॉयलर पूर्ण थंड होऊ द्यावा व जाणकारास बोलवावे. जुन्या नळांवरील पांढऱ्या गिलाव्यासारख्या आवरणात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे विकार जडतात; म्हणून ते आवरण खरवडू नये, प्रशिक्षित माणसांकडूनच काढवून घ्यावे.

या यंत्रणेत वाफेला वर ढकलण्यासाठी पंप नसतो आणि पाण्याला खाली ओढते ते केवळ गुरुत्वाकर्षण. म्हणूनच तिचा दुरुस्तीकार हाती पाना घेण्यापूर्वी कान देऊन ऐकतो, नळावर पाणसळ ठेवतो आणि कोणत्या वाटसरूची वाट अडली आहे, याचा शोध घेतो. ती वाट मोकळी झाली की शंभर वर्षांचा जुना रेडिएटरही निमूटपणे खोली उबदार करू लागतो, आणि पहाटेचा तो अदृश्य लोहार आपला घण खाली ठेवतो.