कर्करोगाच्या औषधात आतड्याचा वाटा

शिरेतून दिलेल्या कर्करोगाच्या औषधाचा गुण येणार की नाही, हे काही अंशी रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील जिवाणूंवर अवलंबून असते, ही गोष्ट गेल्या दहा-बारा वर्षांत साचलेल्या पुराव्यामुळे आता गांभीर्याने घ्यावी लागते. मात्र त्या पुराव्याने प्रत्यक्षात किती सिद्ध केले आणि ‘चांगल्या जिवाणूं’च्या कॅप्सूल विकणाऱ्यांनी त्यातून किती उचलले, यांत बरीच तफावत आहे.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात, असा अंदाज इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशींपेक्षा जिवाणू दहापट आहेत, हे तोवर पाठ्यपुस्तकांतून बिनदिक्कत छापले जाणारे प्रमाण त्यामुळे निकालात निघाले. दोन्ही संख्या जवळपास सारख्याच आहेत आणि या सगळ्या जिवाणूंचे एकत्रित वजन पाव किलोही भरत नाही. या समूहाच्या आणि शरीराच्या मध्ये पेशींचा अवघा एकपदरी थर व त्यावरचे चिकट श्लेष्माचे आवरण एवढेच असल्याने, प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीतच तैनात असतो. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत या पेशींची केंद्रे खुरटलेली राहतात, म्हणजे कोणाशी लढावे आणि कोणाला खपवून घ्यावे, याचे शिक्षण प्रतिकारशक्तीला पुष्कळसे जिवाणूंच्या सहवासातच मिळते. तंतुमय पदार्थ कुजवून काही जिवाणू ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार करतात आणि ती आम्ले दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींची वाढ घडवतात, हेही आता चांगले ठाऊक आहे.

काही जिवाणू थेट कर्करोगाला कारण होतात. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले, तर ई. कोलाय जिवाणूचे काही वाण कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करून आतड्याच्या पेशींतील डीएनएवर ओळखू येईल असा ठसा सोडतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून आडवळणाचा आहे: जिवाणू आतड्यात, गाठ त्वचेत किंवा फुप्फुसात, आणि दोहोंमधला दुवा प्रतिकारशक्तीचा.

हा दुवा लक्षात येण्यास एका औषधवर्गाचे निमित्त झाले. टी-पेशींनी स्वतःच्या शरीरावर तुटून पडू नये म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर काही रोधक प्रथिने असतात आणि कर्कपेशी त्यांचाच फायदा घेऊन टी-पेशींना थोपवून धरतात. हे रोधक निष्प्रभ करणारी औषधे ज्यांच्या शोधांतून घडली, त्या जेम्स अॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात या औषधांनी वर्षानुवर्षांचे आयुष्य दिले. पण त्यांचा गुण अनेकांना येतच नाही, आणि तो कोणाला येईल हे गाठीच्या तपासणीवरून नेमके सांगता येत नाही.

शिकागो विद्यापीठात टॉमस गायेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत या कोड्याचा एक धागा सापडला. एकाच जनुकीय वाणाचे उंदीर जॅक्सन आणि टॅकॉनिक या दोन निरनिराळ्या पुरवठादारांकडून आणले असता, टॅकॉनिकच्या उंदरांत मेलॅनोमाची गाठ जॅक्सनच्या उंदरांपेक्षा झपाट्याने वाढे. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात काही आठवडे ठेवले की हा फरक नाहीसा होई. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे संशय साहजिकच आतड्याकडे वळला. जॅक्सनच्या उंदरांची विष्ठा टॅकॉनिकच्या उंदरांना तोंडावाटे दिली तेव्हा गाठीची वाढ रोधकविरोधी औषधाने मंदावते जवळपास तितकीच मंदावली, आणि दोन्ही उपाय एकत्र केल्यावर ती जवळजवळ थांबली. पुढे केवळ बायफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू देऊनही तसाच परिणाम मिळाला. ते उष्णतेने मारून दिले तर मात्र काहीच झाले नाही. जिवंत जिवाणूंमुळे डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे शत्रूची ओळख टी-पेशींना पटवून देणाऱ्या पेशी, अधिक तत्पर होत होत्या. हा शोधनिबंध २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि त्याच अंकात पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतील लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या गटाने दुसऱ्या एका रोधकाबाबत तशाच स्वरूपाचा निष्कर्ष मांडला.

उंदरांकडून माणसांकडे येण्यास तीन वर्षे लागली आणि घोटाळाही तेथेच सुरू झाला. औषध लागू पडलेल्या रुग्णांच्या विष्ठेत झिटव्होगेल यांना अॅकरमान्सिया म्युसिनिफिला, ह्यूस्टनच्या जेनिफर वार्गो यांना फिकॅलिबॅक्टेरियम आणि गायेव्स्की यांना बायफिडोबॅक्टेरियम लाँगम व इतर काही जाती अधिक आढळल्या. तीन नामवंत गटांनी एकाच वर्षी तीन वेगळे नायक उभे केले, तर शंका घेणे हेच शास्त्राला धरून होते. निरनिराळ्या देशांतील मेलॅनोमाच्या रुग्णांची २०२२ मध्ये एकत्र तपासणी झाली तेव्हा सर्वत्र सारखेपणाने भाकीत करणारी एकही जात सापडली नाही. त्याआधी २०२० मध्ये, गाठींतल्या जिवाणूंवरून कर्करोगाचा प्रकार ओळखता येतो, असा गाजलेला दावा ‘नेचर’मध्ये आला होता, विश्लेषणातील चुका उघड झाल्यावर तो शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

तरीही कार्यकारणभावाचा सर्वांत सबळ पुरावा माणसांवरील प्रयोगांतूनच आला. औषध निरुपयोगी ठरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांना, ज्यांना त्याच वर्गातील औषधाचा उत्तम गुण आला होता अशांची विष्ठा दुर्बिणीद्वारे वा कॅप्सूलमधून देऊन उपचार पुन्हा सुरू करण्यात आला. २०२१ मध्ये इस्रायलच्या शेबा रुग्णालयातून दहापैकी तिघांच्या गाठी ओसरल्याचे आणि पिट्सबर्गमधून पंधरापैकी सहाजणांना लाभ झाल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आकडे लहान आहेत आणि तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, पण उपचार थकलेल्या रुग्णांत तेच औषध पुन्हा लागू पडणे ही क्वचितच घडणारी गोष्ट आहे.

वार्गो यांच्या गटाने त्याच वर्षी आहाराकडेही पाहिले. रोज किमान २० ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्या रुग्णांत रोग अधिक काळ आटोक्यात राहिला, आणि जे तंतुमय पदार्थ खात पण प्रोबायोटिक गोळ्या घेत नसत त्यांची स्थिती सर्वांत चांगली होती. उंदरांत तर दुकानी प्रोबायोटिकमुळे औषधाचा परिणाम उलट घटला. कडधान्ये, ज्वारी-बाजरी आणि पालेभाज्या विकणाऱ्याला जाहिरातीचा खर्च परवडत नाही, एवढाच त्याचा तोटा.

प्रतिजैविकांबाबतचे निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९६ रुग्णांच्या अभ्यासात, उपचारापूर्वीच्या तीस दिवसांत प्रतिजैविके घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य दोन महिने, तर न घेतलेल्यांचे सव्वीस महिने आढळले. प्रतिजैविके लागतात ते रुग्ण मुळातच अधिक खंगलेले असतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु उपचार सुरू झाल्यानंतर प्रतिजैविके घेतलेल्यांत असा फरक दिसला नाही, हे केवळ त्या आक्षेपाने उलगडत नाही.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वळणावर उभा राहतो. भोपाळ आणि केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या २०१९ मधील अभ्यासात, मुख्यतः शाकाहारी असलेल्या भोपाळच्या गटात प्रिव्होटेला या जिवाणूंचे प्राबल्य आढळले, त्यामुळे ह्यूस्टनची यादी येथे जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब या रोधकविरोधी औषधाची नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी, दर तीन आठवड्यांनी अवघी २० मिलिग्रॅम मात्रा तोंडी औषधांच्या जोडीने दिली, तेव्हा एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे औषध त्यामुळे आणखी कितीतरी घरांच्या आवाक्यात येऊ शकते. या रुग्णांत तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बरेच असतात, आणि तोंडातली न भरणारी जखम दाखवत फिरताना गावच्या दवाखान्यातून वा थेट औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स पदरात पडणे त्यांच्या बाबतीत सहज शक्य असते. २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपायची असते. ती वही कर्करोगतज्ज्ञापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा पहिली मात्रा देण्याआधी गेल्या महिनाभरात कोणकोणत्या गोळ्या घेतल्या, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांनाच विचारून केसपेपरवर लिहावे लागते.