हजार विड्यांचा दर

तेंदूचे पान पाण्यात भिजवायचे, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, टोक दुमडायचे, सुताने बांधायचे. अशा हजार विड्या झाल्या की मजुरी. सोलापुरात आणि सिन्नरमध्ये हजारो बायकांनी या कामावर संसार रेटले. तयार माल कारखान्यात नेला की तो तपासला जातो. पसंत न पडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी बुडते. मिळालेली पाने खराब निघाली, हजार विड्यांना पुरली नाहीत, तर पदरमोड करून आणखी पाने आणायची.

सरकारने हजार विड्यांचा दर वाढवला तर या बाईच्या हातात नक्की किती जास्त पडेल? आणि तिचे काम टिकेल का?

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत विडी उद्योग पहिल्यापासून होता. वेतन कशाच्या आधारे ठरवायचे, हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सांगितले: कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च, प्रत्येकी २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे आणि इंधन. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जगण्याचा हक्क नाही. हा निवाडा न्याय्यच होता. पण उद्योगाने बिऱ्हाड हलवायचे ठरवले तर कामगाराने काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

तो प्रसंग केरळातल्या कन्नूरवर आला. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. कामाचे तास, पगारी रजा, बाळंतपणाचे लाभ असे बरेच काही त्यात होते. केरळ सरकारने त्याची अंमलबजावणी सुरू करताच मंगळूरच्या एका बड्या उत्पादकाने कन्नूरमधला गाशा गुंडाळला. विडीला यंत्र लागत नाही. पान आणि तंबाखूची पोती जिथे मजुरी स्वस्त तिथे नेता येतात. हजारो कामगार एका झटक्यात घरी बसले. कायद्याने रोजगार जातो म्हणणाऱ्यांना याहून ठळक पुरावा मिळाला नसता.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९६९ मध्ये सरकारी मदतीने त्याच कामगारांनी केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी केली. तिने किमान वेतन दिले, रजा दिल्या आणि तरीही बाजारात पाय रोवले. भरभराटीच्या काळात तिथे ४० हजारांहून अधिक लोक काम करत. मालकाला न परवडणारे वेतन कामगारांच्या संस्थेला परवडले! विडीची मागणी ओसरू लागली तेव्हा संस्था मसाले, नारळाचे दूध, छत्र्या अशा मालाकडे वळली.

अमेरिकेतले उदाहरण वेगळ्या वळणाचे. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने ताशी किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते जैसे थे राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या ४१० बर्गर-चिकनच्या उपाहारगृहांची वाढीआधी आणि वाढीनंतर पाहणी केली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे त्यांना दिसले नाही. खाण्याचे दर मात्र थोडे चढले. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी वेगळी आकडेवारी मांडून या निष्कर्षाला आव्हान दिले, आणि वाद बरीच वर्षे चालला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. क्रूगर त्याआधीच वारले होते. एक फरक लक्षात ठेवायला हवा: न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाचा बर्गर दुसऱ्या राज्यात भाजून चालत नाही. विडीचे तसे नाही.

महाराष्ट्राकडे तर तिसराच नमुना आहे, आणि त्यात मालक खुद्द सरकार आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि १९७९ पासून कायद्याने हमी झाली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग ही तिची कामे. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरीही जवळपास दुप्पट झाली. मजुरी वाढली म्हणजे कामावर येणारे वाढायला हवेत. झाले उलटेच, हजेरी घसरली. त्या वर्षी पाऊसही चांगला होता, म्हणून मार्टिन रॅव्हेलियन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही परिणाम वेगळे काढून पाहिले. वाढीव मजुरीनंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले होते, असे त्यांना आढळले. सरकारने दर वाढवला, पण कामे काढताना हात आखडता घेतला. काम न दिल्यास द्यायचा बेकारी भत्ता होता दिवसाला एक रुपया! एवढ्या क्षुल्लक दंडाने कोणते खाते धावपळ करणार? मजुराला दर आणि हमी दोन्ही मिळायला हवे होते; १९८८ नंतर एकाच्या बदल्यात दुसरे गेले.

तेव्हा नुसता दर पाहून रोजगाराचे भविष्य सांगता येत नाही. मालकाला धंदा हलवता येतो का, गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजेल का आणि अंमलबजावणी कोण तपासतो, हेही पाहावे लागते. सोलापूरच्या बाईच्या बाबतीत तर हजाराचा दर वाढवून छाट वाढवली, की वाढ कागदावरच राहते.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. केंद्राने ठरवलेल्या तळाच्या वेतनाखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही, अशी तिची तरतूद आहे. आधीचा राष्ट्रीय तळ केवळ सल्लावजा होता आणि २०१७ पासून तो दिवसाला १७६ रुपये होता. अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये ३७५ रुपये सुचवले होते. नवा तळ १७६ च्या आसपास राहिला तर धंदा स्वस्त राज्यात नेण्याची वाट उघडीच राहील. ३७५ च्या हिशेबाने वर चढला तर पान-तंबाखूची पोती राज्याबाहेर नेण्यात फारसा फायदा उरणार नाही. मात्र छाटीत किती विड्या काढल्या आणि पाने किती कमी दिली, याची नोंद घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या पासबुकात होते की नाही, हे निरीक्षकाला तिच्या वस्तीत जाऊनच पाहावे लागेल.